दहा ऑगस्टचे दोन संगीतोपासक

कारखान्यातील जुन्या कामगारांची सेवापुस्तके चाळण्याचा प्रसंग ज्यांना आला असेल, त्यांना एक गंमत ठाऊक असेल. त्यांतील कितीतरी जणांची जन्मतारीख एकच असते : १ जून. आईबापांना दिवस आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडत, आणि मास्तर दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. त्याच दाखल्यावर पुढे नोकरी लागली, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरला गेला आणि अखेर निवृत्तीचा नारळही एकाच दिवशी हाती आला. एका खात्यात एकाच संध्याकाळी पाच जणांना हार घालण्याचे काम माझ्याकडे आले होते. पाचांची तारीख एक. पण एक फिटर, एक बॉयलरवरचा, दोघे पॅकिंगमधले आणि एक रखवालदार. पत्रिका मांडणाऱ्याने यांचे काय सांगितले असते, असा विचार तेव्हा मनात आला होता.

संगीताचा नाद मला वाचनातून लागला आणि तारखांची ही खोड तिथेही सुटली नाही. आशा भोसले आणि भूपेन हजारिका या दोघांचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, हे पुष्कळांना माहीत असते. परंतु मला जी जोडी सापडली आणि जिने माझी पाठ सोडली नाही, ती १० ऑगस्टची. उस्ताद अल्लादियाखाँ यांची जन्मतारीख १० ऑगस्ट १८५५ अशी दिली जाते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. पाच वर्षांचे अंतर आणि एकच तारीख. दोघांनीही आपले सारे आयुष्य एकाच संगीताला वाहिले आणि दोघांचाही शेवट मुंबईत झाला. आणि तरीही, गाण्याची विद्या कोणाची, ती कोणाला द्यावी, कशी द्यावी, या प्रश्नाला दोघांच्या आयुष्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांच्या तोंडावर उभी राहतात. ज्याचे पोट हातच्या कसबावर चालते अशा प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. म्हणून आपल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या परिसरात, सालवडसारख्या गावी, तो मांडायला मला संकोच वाटत नाही.

अल्लादियाखाँ राजस्थानातल्या उनियारा या लहानशा संस्थानातले. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे, पिढ्यान्‌पिढ्या धृपद गाणाऱ्यांचे. 'अल्लादिया' म्हणजे अल्लाने दिलेला. वडील लहानपणीच गेले आणि तालीम झाली ती चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे, जयपुरात. ही तालीम म्हणजे आजच्या अर्थाने शिकवणी नव्हे. गुरूने म्हणायचे, शिष्याने म्हणायचे. वर्षानुवर्षे धृपद, मग ख्याल. वही नाही, पाटी नाही. जे कंठात बसले तेवढेच आपले.

पुढे संस्थानांतून नोकऱ्या झाल्या. आमलेटा येथे तिथल्या अधिपतीला गाण्याचा शौक इतका जबर, की खाँसाहेबांना दिवसेंदिवस तासन्‌तास गावे लागले. आवाज फुटला, बसला आणि सुमारे दोन वर्षे उठला नाही. पुस्तकांत ही हकीकत दैवाचा घाला म्हणून सांगितलेली असते. मी ती वाचली तेव्हा मला दुसराच शब्द सुचला. ही कामावर झालेली इजा आहे. मालकाने मर्यादेबाहेर काम घेतले आणि कामगाराचे एकुलते एक हत्यार मोडले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ साली आला. गवयाच्या गळ्याला तो तेव्हाही लागू नव्हता.

आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. पूर्वीची गोलाई आणि लवचीकपणा गेला होता. अशा वेळी दुसरा एखादा संपला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकीच नवी घडवली, आणि आज आपण जिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो ती हीच. तिचे मर्म सांगायचे तर तालाकडे पाहावे लागेल. तबल्याचा ठेका एका समेपासून निघून पुन्हा समेवर येतो, तेवढ्या फेरीला आवर्तन म्हणतात. पुष्कळ गवई आवर्तनात मन मानेल तसे स्वर लांबवतात आणि सम जवळ आली की लगबगीने येऊन ती गाठतात. अल्लादियाखाँच्या गायकीत प्रत्येक मात्रा हिशेबात धरलेली असते. आलाप काय, तान काय, लयीच्या अंगानेच चालते आणि समेवर अशी उतरते की घाई झाल्याचे कुठे जाणवत नाही. तान सरळ वरखाली जात नाही, वळसे घेत, विणत जाते. आणि राग तरी कोणते? नटकामोद, बसंती केदार यांसारखे जोडराग, ज्यांत दोन राग असे मिसळलेले असतात की सांधा दिसू नये.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारगवई म्हणून आश्रय दिला. महाराज १९२२ साली वारले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला आले. १६ मार्च १९४६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत ग्रामोफोन घरोघर पोचला होता, रेडिओही आला होता. परंतु खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर कधी घेऊ दिला नाही. नव्वद वर्षांच्या या गायकाचा एक आलापसुद्धा आज आपल्याला ऐकता येत नाही.

आता दुसऱ्या दहा ऑगस्टकडे वळू. भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे, मध्यम स्थितीतल्या घरातले. घरात गवय्यांची परंपरा नाही. सतार शिकले, रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे घेतली. १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एल्‌एल्‌. बी. झाले. पारशी गृहस्थांनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ पासून जाऊ लागले आणि तिथे मोठमोठे गवई ऐकायला मिळाले. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. संसार संपला, पुढे वकिलीही सुटली. उरले ते गाणे.

वकील होते म्हणून असेल, त्यांनी गाण्याकडे उलटतपासणीच्या नजरेने पाहिले. हा राग असाच का? अमक्या घराण्यात यात कोमल धैवत आणि तमक्यात शुद्ध, तर खरा कोणता? ग्रंथ काय म्हणतात? १९०४ साली ते दक्षिणेत गेले, १९०७ आणि १९०८ साली उत्तरेत व पूर्वेत फिरले. जातील तिथे गवयांना, पंडितांना गाठून प्रश्न विचारायचे आणि रात्री दैनंदिनी लिहायची. प्रश्न पुष्कळदा तिखट असत आणि गवयांना गाता येते पण शास्त्र सांगता येत नाही, ही त्यांची तक्रार त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. माझ्या मते ही तक्रार अर्धीच रास्त आहे. तीस वर्षे लेथ चालवलेल्या माणसाला धातुशास्त्रावर निबंध लिहिता येत नाही, म्हणून त्याला लेथ समजत नाही असे म्हणवत नाही.

पण केवळ प्रश्न विचारून ते थांबले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विद्या मिळवण्यासाठी हा पदवीधर वकील उस्तादांचा शिष्य झाला. जयपूरच्या महंमद अली खाँ आणि त्यांच्या मुलांकडून त्यांनी सुमारे तीनशे चिजा मिळवल्या. रामपूरच्या नवाबांचे शिष्यत्व पत्करून तिथल्या बंद पेटीतली धृपदे मिळवली. आणि मिळाले ते छापले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मराठी ग्रंथ चार भागांत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. 'क्रमिक पुस्तकमालिका' सहा भागांत, अठराशेच्या वर चिजा स्वरलिपीसह. १९१६ साली बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले, त्याचे आज विद्यापीठ झाले असून ते भातखंड्यांच्याच नावाने चालते. १९३३ साली पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी गेले.

त्यांची स्वरलिपी इतकी सोपी आहे की दहा मिनिटांत समजते. स्वराच्या अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे तो कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तो तीव्र. खाली टिंब म्हणजे खालच्या सप्तकातला, वर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस. समेला फुली, कालाला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. संपली लिपी. आणि रागांची वर्गवारी दहा थाटांत : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. बारा स्वरांतून सात निवडून केलेल्या या दहा चौकटी. दक्षिणेतील बहात्तर मेळांची व्यवस्था पाहून आल्यावर ही रचना त्यांनी उत्तरेच्या संगीतासाठी बसवली. तिच्यात अडचणी आहेत. भूप रागात मध्यम नाही आणि निषादही नाही. मग तो कल्याण थाटातला कशावरून? नेमके तेच पाच स्वर घेणारा देसकार मात्र बिलावल थाटात! पण निदान वाद घालायला एक जागा झाली. त्यापूर्वी वादाचा निकाल 'आमच्या घरात असेच आहे' एवढ्यावर लागत असे.

मी स्वतः शाळा अर्धवट सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते वाचनालयात बसून. कायदासुद्धा कायद्याच्या पुस्तकातूनच शिकलो. तेव्हा माझा कल आरंभी कोणाकडे होता हे सांगायला नकोच. विद्या कुलपात ठेवणारा उस्ताद हा मला गल्ल्यावर बसलेल्या सावकारासारखा वाटे आणि भातखंडे म्हणजे कुलूप फोडून धान्य वाटणारे. एका प्रसंगाने माझे हे मत हलले.

कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात एक डाईंग मास्तर होते. शेड जुळवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. कोणत्या सुताला कोणता रंग किती, पाणी कसे, तापमान कधी चढवायचे, हे सारे त्यांच्या एका जुन्या डायरीत आणि त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात होते. हाताखालच्या पोरांना ते काही सांगत नसत, माल टाकताना पाठ करून उभे राहत. पोरांनी युनियनकडे गाऱ्हाणे केले. त्याच सुमारास व्यवस्थापनानेही त्यांच्याकडे सर्व प्रमाणे लिहून मागितली. मी मास्तरांच्या घरी गेलो आणि त्यांना समजावले. विद्या दिल्याने वाढते, पोरांना शिकू द्या, लिहून द्या. त्यांनी फार वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ''साहेब, तुम्ही सांगता म्हणून देतो.'' दोन महिन्यांत सारे लिहून झाले, संगणकात गेले. सहा महिन्यांनी मास्तरांना घरी बसवले. त्यांच्या पगारात दोन पोरे मिळत होती. आम्ही भांडलो, थोडीफार रक्कम मिळवून दिली. पण लिहून द्या म्हणणारा मीच होतो.

त्यानंतर मी अल्लादियाखाँचे चरित्र पुन्हा वाचले. गवयाला निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. राजा मेला की नोकरी गेली, घसा बसला की भाकरी गेली. त्याची सारी जिंदगी म्हणजे शेदोनशे चिजा आणि चार अनवट राग. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून चिजा दिल्याच्या कथा गवयांच्या घराण्यांत सांगतात, त्या उगीच नाहीत. अशा माणसाला 'छापून टाका, देशाचे कल्याण होईल' असे सांगणे सोपे आहे. भातखंड्यांना चीज विकून पोट भरायचे नव्हते; त्यांच्याजवळ वकिलीची सनद होती. त्यांच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. परंतु पुस्तकावर नाव एकाचे आणि आतल्या चिजा अनेक घरांच्या, हेही खरे.

दुसरी गोष्ट अशी की डायरी लिहून दिल्यावरही मास्तरांची शेड संगणकाला साधली नाही. गाण्याचेही तेच आहे. दरबारी कानड्यातला गंधार घ्या. तो नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला आणि सावकाश झुलणारा आहे. भीमपलासीतला गंधार निराळा, थोडा चढा. पुस्तकात मात्र दोन्हीकडे 'ग' आणि त्याखाली तीच एक आडवी रेघ. ती रेघ दार दाखवते. आत नेणारा माणूस लागतो. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारप्याला तर कसलीच लिपी नाही. वाजवणाऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते, आणि हे सारे भोपळ्यात फुंकर मारणाऱ्या बापाकडे बघत मुलगा शिकतो. तारपा छान असतो. पण मुलगा कंपनीत बारा तासांच्या पाळीवर गेला की त्या घरातला तारपा तिथेच थांबतो.

बंद दारामागे किती हाल होतात हे मोगूबाई कुर्डीकरांच्या चरित्रात दिसते. उपचारासाठी सांगलीला आलेल्या खाँसाहेबांच्या कानांवर या गोमंतकीय मुलीचा रियाज पडला आणि आपण होऊन त्यांनी शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले तशा मोगूबाईही गेल्या. तिथे मात्र तालीम तुटली. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे, मग खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे, अशी वणवण करत १९३४ साली त्यांना पुन्हा खाँसाहेबांचा गंडा बांधता आला. केसरबाई केरकरांना १९२१ पासून खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत पंचवीस वर्षे विद्या मिळाली. पण त्यांनी पुढे आपल्या मागे जवळजवळ एकच शिष्या ठेवली, धोंडूताई कुलकर्णी. इतक्या मोठ्या ओघाची एवढी बारीक धार! आणि गंमत पाहा, ज्या गुरूने तबकडीला तोंड दिले नाही त्याच्या या शिष्येची भैरवीची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या.

तरी खाँसाहेबांनी विद्या फक्त रक्तात ठेवली असे म्हणणाऱ्याने त्यांच्या शिष्यांची नावे पाहावीत. भास्करबुवा बखले ब्राह्मण, केसरबाई-मोगूबाई गोव्याच्या कलावंत समाजातल्या. भास्करबुवांमार्फत ही विद्या बालगंधर्वांपर्यंत आणि तिथून नाटकाच्या पिटात बसलेल्या माणसापर्यंत गेली. हे छापखान्याविना झाले. उलट, गवयाच्या दारात पाऊल टाकण्याची ज्यांना घरून मुभा नव्हती, अशा मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाणे मिळाले ते शाळेच्या वर्गात, क्रमिक पुस्तके समोर ठेवून. आज आपल्या गावातल्या ज्या मुली प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात, त्यांच्या वह्या उघडून पाहा. कोमल स्वराखालची ती आडवी रेघ तिथे भेटेल.

तारखांचा खेळ इथेच संपत नाही. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा जन्म ३१ डिसेंबरचा. अल्लादियाखाँच्या गायकीचे पुढच्या काळातले थोर गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचाही जन्म ३१ डिसेंबरचा, साल १९१०. दोघांत दहा-अकरा वर्षांचे अंतर. गुरूंची तारीख एक, तशीच या दोघांची एक! मला तर क्षणभर कोणा मास्तरांनी दाखल्यावर ३१ डिसेंबर लिहून टाकले की काय असे वाटले.

आणि या दोघांच्या आयुष्यांत जुने भांडण कसे वळले ते पाहा. रातंजनकरांचे शिक्षण भातखंड्यांच्या हाताखाली, लिपीत आणि शास्त्रात मुरलेले. परंतु भातखंड्यांनीच त्यांना बडोद्याला पाठवले ते आग्रा घराण्याच्या फैयाजखाँ यांच्यापुढे बसायला. पुस्तके लिहिणाऱ्यानेच आपला सर्वांत चांगला विद्यार्थी उस्तादाच्या स्वाधीन केला, यात मला भातखंड्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. १९२८ पासून रातंजनकर मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांच्या हाताखालून के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर यांच्यासारखे गायक बाहेर पडले. एका माणसाकडून इतक्यांना मिळाले, ते कॉलेजमुळे.

मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, कन्नड भाषक, आरंभी नाटक मंडळीतले. मिरजेला नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले. तबकड्या निघाल्या, नाव झाले, आणि त्यानंतर ते अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ यांच्यापुढे शागीर्द म्हणून बसले. मंजीखाँ १९३७ साली अकाली गेले, तेव्हा धाकटे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे १९५० पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, तालीम चालू राहिली. ज्या घराचे प्रमुख तबकडीच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत, त्या घरचे राग मन्सूरांच्या तबकड्यांतून आणि धारवाडच्या आकाशवाणीवरून गावोगाव ऐकले गेले. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ते वारले.

या दोघांचीही ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. व्याख्यानाला आलेल्या मंडळींना माझी विनंती एवढीच, की क्रमिक पुस्तकमालिकेचा दुसरा भाग वाचनालयातून आणावा, त्यातली यमनाची एखादी चीज समोर ठेवावी, बोटाने मात्रा मोजत आधी रातंजनकरांचे गाणे ऐकावे आणि मग पुस्तक मिटून मन्सूरांचे. आमच्या डाईंग मास्तरांना मी एकदा असे ऐकवले होते. मन्सूरांची एक लांब तान समेवर उतरली तेव्हा ते म्हणाले, ''हा माल टाकताना पाठ करत नाही हो. समोर टाकतो, तरी कळत नाही.''